सदर अंबाडी ही अंबाडी आहे

सोहारच्या भाजीबाजारात
आमच्या कंपनीचा परवाना काचेत लावलाय :
फळे व भाजीपाला, ताजा, घाऊक.
खाली खलफान बिन मुसल्लमची सही,
आणि त्या सहीच्या खाली, कागदावर कुठंच नसलेला मी,
देगलूरचा हिशेबनीस. सतरा वर्षं.

त्या फेब्रुवारीत चाळीस खोकी अंबाडी
मस्कतला विमानातून उतरली
आणि संगणकानं धरली.
शास्त्रीय नावाच्या रकान्यात
पाठवणाऱ्यानं इमानानं लिहिलं होतं :
हिबिस्कस कॅनाबिनस.
यंत्राला पहिला शब्द कळला नाही.
दुसरा अर्धाच वाचला, तेवढा पुरला.

‘कॅनाबिसचा घाऊक व्यापार?’ फोनवर बाई म्हणाली,
‘त्याचा परवाना तुमच्याकडे नाही.
कुणाकडेच नाही.
तसला फॉर्मच आमच्याकडे छापत नाहीत.’
मी म्हटलं, मॅडम, भाजी आहे.
ती म्हणाली, सगळे हेच म्हणतात.

रात्री झोप येईना म्हणून
दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा तो फॉर्म वाचला.
गोदामाला कुलपं किती, कॅमेरे किती,
शाळेपासून अंतर किती पावलं,
रोपागणिक नंबर, तोळ्यागणिक नोंद,
मालकाच्या बापाचंसुद्धा पूर्ण नाव.
साठ पानं. एकाही पानावर धुंदी नाही.
गांजालाही शेवटी माझ्यासारखा
कुणी तरी वही धरून बसलेला लागतो,
हे वाचून मला, का कोण जाणे, बरं वाटलं.
इथं मात्र दोनच रकाने :
भाजी, नाही तर तुरुंग.

काउंटर चारवर बद्रिया बिन्त सालेम.
‘या झाडाचं तुम्ही काय करता?’
वाख काढतो. वाखाचे दोर वळतो.
बैलाचा कासरा, बाजेची वीण,
बाळाचा पाळणा टांगायला चऱ्हाट.
‘आणि पाला?’
शिजवतो. ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी.
‘खाल्ल्यावर काय होतं?’
मी खरं तेच सांगितलं :
झोप येते.
तिनं पेन थांबवलं.
जास्त खाल्ल्यावर, मी म्हटलं. भाकरीनं.

नमुना प्रयोगशाळेत गेला.
शीतगृहाचं भाडं मालाच्या किमतीपुढं गेलं.
बंदरावरच्या कॅम्पमधून राजमल्लूचा रोज फोन,
‘आली का गोंगुरा?’
तो निर्मलचा, मी अलीकडचा,
मध्ये एक नदी आणि एका पाल्याची दोन नावं.
त्याला कसं सांगू
की तिसऱ्या नावानं घात केला.

नवव्या दिवशी अहवाल :
नशा आढळली नाही.
तोवर अंबाडीतही काही आढळण्यासारखं उरलं नव्हतं.
काळी, पाणी सुटलेली, नाकाला रुमाल लावावा अशी.
नष्ट करायला तीन साक्षीदार लागतात.
मी, ड्रायव्हर कुंजुमोन आणि ती.

खोकी ओतताना एकाच्या पोटात
एक जुडी हिरवी निघाली.
बद्रियानं हातमोजा काढला,
एक पान खुडलं, इकडं तिकडं पाहिलं
आणि चावलं.
डोळे मिटले, गाल आत ओढले गेले,
‘हुमैद,’ म्हणाली.
पाऊस झालेल्या साली त्यांच्या वाडीत उगवतं तसलं काही तरी.
तिची वाडी म्हणजे कोरडी नदी,
माझी वाडी म्हणजे पंधरा घरं.
आंबटपणा दोन्हीकडं सारखाच, जिभेच्या कडांना.
दुसरं पान तिनं मागितलं नाही.
मीच पुढं केलं. घेतलं.

मग तिघांनी सह्या केल्या
की माल संपूर्ण नष्ट झाला.

आता दर खेपेला सोबत एक पत्र जातं,
अरबीत, गोल शिक्क्याचं,
मजकूर खलफानचा, म्हणजे माझाच :
सदर अंबाडी ही अंबाडी आहे.
सहा रियाल, शिक्क्यासकट.