वाळूची माणसं

सियागंजात आमचं बारदानाचं दुकान.
डाळीची, तिळाची, मिरचीची पोती शिवता शिवता
एक दिवस मी माणसं शिवायला लागले.

बायपासच्या अलीकडे एक पार्क, पलीकडे दुसरा.
अलीकडच्यांनी बोर्ड लावला:
सगळ्यांत उंच पाळणा, बत्तीस मीटर.
आठवड्यात पलीकडचे साडेबत्तीस झाले.
त्या अर्ध्या मीटरसाठी
नुसता झेंड्याचा दांडा जोडलाय, असं शकूर वेल्डर म्हणाला,
आणि शकूर दोन्हीकडे कामाला.

आधी माणसं बसवत नाहीत पाळण्यात.
पोती बसवतात, सत्तर सत्तर किलोची,
नर्मदेच्या वाळूची,
पोटाला पट्टा, खांद्यावर लोखंडी कमान.
अलीकडचे बाकलीवाल चोवीस सांगून गेले
नि पायरीवरून मागे वळले,
"त्यांनी किती नेली?"
पलीकडचे मुळ्ये चहा गार होईस्तोवर बसायचे,
"त्यांची तारीख कळली का काही?"
मी सुई दातात धरायचे.
दातात सुई असली की बाईला
कुणी बोलायला लावत नाही.

वाळूला वजन असतं, वय नसतं.
तरी शिवताना माझा हात सवयीनं
खांदे जरा उतरते ठेवायचा.

डिसेंबरात तारखा पळायला लागल्या.
संक्रांत म्हणता म्हणता नाताळ,
नाताळाची वीस, विसाची अठरा.
भिंतीवर खळ वाळायच्या आत
एकाच्या पोस्टरवर दुसऱ्याचं.

तेराला मुळ्यांची पोती दुरुस्तीला आली, रिकामी.
चोवीसच्या चोवीस
डाव्या खांद्याला फाटलेली,
एकाच जागी, बोटभर, तिरकी,
पट्टी धरून कापावीत तशी.
सोबत चिठ्ठी: टाके घट्ट घाला. उद्या सकाळी हवीत.

घातले. अकरा झाली.
बाराव्याला हात थांबला.
माणूस असतं तर ओरडलं असतं.
पोत्याला ओरडता येत नाही,
म्हणून ते उसवतं.

ते तसंच काखेत मारून रिक्षा केली.
मुळ्यांच्या टेबलावर पसरलं
तर शिवणीतली उरलेली वाळू
उद्घाटनाच्या पत्रिकांवर, सोनेरी अक्षरांवर.
म्हटलं, कमानीची कड बघा.
त्यांनी पोतं बघितलं, बोट घालून भोक बघितलं,
बराच वेळ.
मग हळूच,
"त्यांचीही अशीच फाटतात का?"
"त्यांची आलीच नाहीत अजून."

अठराला अलीकडे ढोल, फुगे, रांगा.
पलीकडे गेटला कागद: तांत्रिक कारण.
आत शकूर एकटा कानस घेऊन
कड घासत बसलेला.

संध्याकाळी बाकलीवाल पेढे घेऊन आले.
"पहिले आम्ही," म्हणाले,
"दिवसभरात चार हजार माणूस!"
मी पेढा घेतला. अर्धा खाल्ला.
सहज विचारलं, "पोती नाही पाठवली दुरुस्तीला?
एकही उसवलं नाही?"

"ती होय?" ते हसले.
"गोदामात आहेत, जशीच्या तशी.
वेळ कुठे होता हो."

बाहेर हमालांची आरडाओरड, टेम्पोचा हॉर्न.
मी सुई उचलली,
दातांपर्यंत नेली,
आणि खाली ठेवली.