अंगठा लागत नाही

सर्जेकोटच्या जेटीमागे माझी शेड.
पत्र्यावर यंदा त्यांनी फलक ठोकला:
युवा रोजगार प्रोत्साहन योजना,
आउटबोर्ड इंजिन दुरुस्ती, नव्वद दिवस.
खाली माझं नाव, मागे ‘मास्टर ट्रेनर’.
बायको म्हणाली, "मास्तर झालात, आता तरी हात धुवन जेवा."

यादीत तीस नावं. आली एकोणीस,
चहा-वड्याच्या दिवशी चोवीस.
मग टेम्पोतून सामान उतरलं:
तीस टोप्या, तीस जोड हातमोजे,
आणि प्लास्टिकात गुंडाळलेलं एक कोरं इंजिन,
उद्घाटनाआधी उघडू नये, अशा चिठ्ठीसकट.
पाहुण्यांची तारीख मिळेना.
आम्ही त्याला वळसा घालून चालायला शिकलो,
घरात कोणी आजारी निजलेलं असावं तसे.

शिकवायला होतं खवणेकरांच्या होडीचं जुनं धूड,
खारं पाणी पिऊन अडलेलं,
पिस्टन आत घट्ट बसलेला.
मी म्हटलं, हाणू नका. रॉकेल ओता आणि थांबा.
उद्या पुन्हा ओता. पुन्हा थांबा.
हे पुस्तिकेत नव्हतं.
पुस्तिकेत व्यक्तिमत्त्व विकास, पान एक ते चाळीस.

हजेरीचं यंत्र भिंतीवर.
पहिल्या महिन्यात सगळ्यांचे अंगठे पटापट लागले,
मोबाईलवर फिरणारे मऊ अंगठे.
दुसऱ्या महिन्यात निकेत जुवाटकरचा लागेना.
पुसला, पँटीला चोळला, लिंबू घासलं,
यंत्रातली बाई शांतपणे म्हणायची,
कृपया पुन्हा प्रयत्न करा.
मग दीक्षा तांडेलचा. मग कुबलांच्या दोघा भावांचा.
काळं तेल रेघांत शिरलं होतं, कातडी सोलली होती.
कोपऱ्यात रील बघणारे मात्र
रोज हिरव्या दिव्यात हजर.

ओरोसला फोन लावला.
साहेब चांगला, तोही कंत्राटी, अकरा महिन्यांवर.
म्हणाला, सिस्टीममध्ये गैरहजर दिसतायत, काका,
ग्लिसरीन लावून बघा.
आणलं. त्या बाटलीचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं
ते अजून ठरलेलं नाही.

पैसे आलेच नाहीत, असं मी म्हणणार नाही.
एक हप्ता आला. निकेतच्या आईला चष्मा झाला.
सायमनने बूट घेतले, गोव्याला मुलाखतीला गेला
आणि तिकडेच राहिला. बरं झालं,
इंजिनाशी त्याचं जमलं नसतं.
दीक्षाने कुडाळहून पान्यांचा सेट आणला,
बापाच्या जुन्या लुंगीचे कप्पे शिवून त्यात ठेवला.
बाप म्हणाला होता, "चेडवान इंजिनाक हात लावूचो नाय."
मग एका पहाटे त्याचंच बंद पडलं, निवतीच्या पलीकडे,
आणि हिने फोनवरून सांगितलं कुठली नळी फुंकायची.
तेव्हापासून तो या विषयावर
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

नव्वदाव्या दिवशी दोन माणसं आली.
फलक उतरवला, तो आता वेंगुर्ल्याला लागायचाय.
यंत्र काढलं. भिंतीला चार भोकं.
कोरं इंजिन कोणाच्या ताब्यात, ते कागदात नाही
म्हणून ते राहिलं, त्यावर मांजर झोपते.
उरलेले हप्ते प्रक्रियेत.
प्रमाणपत्राला ऐंशी टक्के हजेरी लागते,
दीक्षाची भरली एकेचाळीस.

दुसऱ्या दिवशी शेड उघडायला गेलो
तर ती पायरीवर बसलेली, लुंगीची गुंडाळी मांडीवर.
म्हटलं, "योजना संपली गो."
"खवणेकरांचा इंजिन अजून सुटूक नाय," ती म्हणाली.
आत आली. रॉकेलचा डबा शोधला.
ओतता ओतता, मान वर न करता विचारलं,
"आणि पगार?"
माझ्या खिशात एकशे सत्तर होते.
"एका इंजिनाचे तीनशे," मी म्हटलं.
"चारशे.
आणि तुमचो तेराचो पानो द्या.
माझो नवो आसा, घसरता."