अवतरणचिन्हातलं वजन

धरणगावच्या जिनिंगमध्ये
काट्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत
मी पावत्यांचं पान बनवते.
पान म्हणजे साडेतीन एमबी.
फाटकावरच्या टेम्पोवाल्याच्या फोनला
ते उतरवून घेताना घाम फुटतो.
पांढरा पडदा, गोल गोल फिरणारं काहीतरी,
आणि मागे अकरा गाड्यांचे हॉर्न.

बंडलर माझ्याकडे होताच.
तो गठाणीच्या प्रेससारखा:
पन्नास फायलींचा कापूस एका पेटीत दाबायचा,
वर लोखंडी पट्ट्या, झालं.
पण सरकीसकट दाबलेली गठाण
घेणार कोण?

म्हणून रात्री प्लगइन बसवला.
ऑप्टिमाइझ करणारा कम्पायलर, मोड: ॲडव्हान्स्ड.
कॉन्फिगमध्ये चार ओळी,
जावा सापडत नाही म्हणून टर्मिनलची एक शिवी,
मग लॅपटॉपचा पंखा असा फिरला
की पलीकडे झोपलेला वॉचमन उठून
कारखाना सुरू झाला का ते बघून आला.

त्यानं काय नाही केलं!
ज्यांना कुणी हाक मारत नाही ती फंक्शनं उपटली.
माझी टिपणं,
'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये',
तीही पुसली.
एकूणकपात झाली बी, शेतकरी झाला सी.
दोनदा लिहिलेलं एकदा,
एकदा लिहिलेलं जागच्या जागी विरघळलेलं.
शेवटी सहाशे दहा केबी.
मी एकटीनंच टाळी वाजवली.

सकाळी पहिली गाडी पारोळ्याची.
ड्रायव्हर पावती नाचवत आला:
"गाडी भरेल शे, नि कागदवर काहीच नही!"
वजन: रिकामं.
ओलावा: रिकामा.
अठ्ठावीस क्विंटल कापूस उन्हात उभा
आणि पावती विचारते, कोण आलंय?

रमजान तडवी, काट्यावर एकवीस वर्षं.
काही बोलला नाही.
कार्बनचं पुस्तक काढलं,
कानामागची पेन्सिल काढली,
लिहायला लागला.
ते न बोलणंच मला जास्त लागलं.

दीड वाजता सापडलं.
काटा बाहेरून सांगत होता: वजन, वजन, वजन.
आणि आत माझ्या कोडमध्ये
वजन नावाचं कुणी उरलंच नव्हतं.
रात्रीतून त्याचं बारसं होऊन
ते 'ए' झालं होतं,
जुन्या नावानं हाक मारली तर
ओ देत नव्हतं.

कम्पायलरची चूक नाही.
त्याला घरातली माणसं दिसतात.
फाटकाबाहेरून कोण कुठल्या नावानं
विचारत येईल, हे सांगायचं काम माझं.
सांगायची रीतही साधी:
टिंबानं जोडलेलं नाव तो बदलतो,
अवतरणचिन्हातल्या नावाला हात लावत नाही.
मी एकेकाला अवतरणात नेऊन बसवलं,
'वजन', 'ओलावा', 'गाडी', 'कवडी',
सर्दी झालेल्या पोराला मफलर गुंडाळावा
तसं दोन्ही कानांवरून.

चारला पावती निघाली. सहाशे चौदा केबी.
चार केबी नावांपायी गेले.

रमजानभाईंनी ती उजेडात धरली,
आपल्या कार्बनशी ताडून पाहिली.
मग हजेरीच्या पानावर बोट टेकवलं:
"हे पण तुझ्या मशीननं केलं का?"
बाई १, बाई २, बाई ३.
ओट्यावर कवडी वेचणाऱ्या नऊजणी.
"नाही," मी म्हटलं.
"हे मीच केलेलं. दिवाळीआधी. घाई होती."

ते दाराशी जाऊन उभे राहिले,
ओट्याकडे बघत सांगू लागले:
"पहिली बायजा पावरा.
तिच्या पलीकडे जुबेदा. ती आज नाही आली, पण लिही."
मी लिहीत राहिले.
अवतरण उघड, नाव, अवतरण बंद.

सातवीचं त्यांनाही आठवेना.
"थांब," म्हणाले,
आणि चपला न घालताच विचारायला गेले.

कर्सर दोन चिन्हांच्या मधल्या
रिकाम्या जागेत लुकलुकत राहिला.