चुंबक

रेडिओच्या जुन्या स्पीकरमधला, रुमालात गुंडाळलेला,
रंगाला ओरखडा नको म्हणून.
हिलाल मिस्तरीने सकाळीच बजावलं होतं:
भाव नंतर विचार, आधी गंज विचार.
आणि गाडीकडे बघून हसू नकोस,
हसलास की पाच हजार वाढतात.

पारोळ्याच्या बंद जिनिंगमध्ये, सरकीच्या पोत्यांमागे
ती उभी होती. हेराल्ड, दोन दारांची.
छत कापडी, म्हणजे कधीकाळी;
आता नुसत्या बरगड्या.
मी हसलो.

मी कोर्टाबाहेरचा टायपिस्ट. बावीस वर्षं
लिहून देणार, लिहून घेणार,
पूर्वेस नाला, पश्चिमेस गट नंबर अमुक,
लोकांची घरंदारं माझ्या बोटांखालून गेली
आणि शाई तेवढी माझ्याकडे राहिली.
यंदा भिशी लागली, एक लाख दहाची.
घरात ठरलं होतं: न्हाणीघराच्या फरशा.
मी मनात ठरवलं: सत्तर गाडीला,
चाळीस गाडीच्या आजारपणाला.

बॉनेट उलटं उघडतं हिचं,
अख्खा जबडा पुढे, मगरीसारखा.
आत हवेच्या फिल्टरमध्ये कापूस,
सीटमध्ये कापूस, उंदरांनी पिंजून भरलेला.
चासीला स्क्रूड्रायव्हर टोचला तर
हातावर तपकिरी पीठ आलं,
बाजरी दळून आणल्यासारखं, कोमट.

चुंबक टपावर, म्हणजे टप नव्हताच, काचेच्या चौकटीवर चिकटला.
पुढच्या मडगार्डवर चिकटला.
ड्रायव्हरच्या दारावर लावला
तर निसटून पायावर पडला.
पुन्हा लावला. पुन्हा पडला.
अर्धं दार पुट्टीचं.
राखणदार निंबा आप्पा गालातली तंबाखू सावरत म्हणाले,
"लोखंडच से भाऊ, नुस्तं दमेल से."

कागदावर मालकाचं नाव: कु. इंदुमती.
आप्पांनी फोन लावून दिला. पलीकडे पुणं,
टीव्हीचा आवाज, मग तो बंद झाला.
मी म्हणालो, बाई, ऐंशी जास्त होतात, दारात पुट्टी आहे.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाल्या, "ती माझीच आहे.
मुकटीच्या वळणावर बाभूळ होती,
मी तिच्याकडे बघत नव्हते."
कशाकडे बघत होतात, ते मी विचारलं नाही.
"आतून उघडायला अजून गुडघा लावावा लागतो का?"
मी आत बसलो. लावून बघितला.
लागतो, म्हणालो.
"मग पासष्ट द्या," आणि टीव्ही पुन्हा सुरू झाला.

कच्च्या पावतीवर मीच टाइप केलं,
लिहून घेणार या शब्दापुढे पहिल्यांदा स्वतःचं नाव.
एक अक्षर चुकलं. खोडलं नाही.

उखाचा ट्रॅक्टर पुढे, मध्ये नायलॉनचा दोर,
मागे मी, स्टिअरिंग धरून, ताशी पंधरा.
इंजिन गप्प, पण मीटर चालू:
काटा थरथरत होता, शेवटचा आकडा
जागचा हलला, पस्तीस वर्षांनी.
डोक्यावर छप्पर नाही. ऊन थेट टकलावर.
ऊसतोडीच्या ट्रकमधून लोक हात हलवत होते
आणि मीही हलवत होतो, काय करणार.

मुकटीला रस्ता चौपदरी झालाय.
वळणच उरलं नाही. दुभाजकात कण्हेर.
मी तरी दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

फागण्याजवळ एक पोऱ्या स्कूटर शेजारी आणून ओरडला,
"काका, इंजिन से का यामा?"
उखा मान वळवून,
"से ना! हाई पुढे काय से मंग?"

धुळ्यात, गल्लीत, दिवेलागणीला
ही दारात उभी. हातात फरशीचा नमुना,
फिकट निळा, दुकानदाराने दिलेला.
तिने गाडीभोवती एक फेरी मारली,
नमुना दारावर धरून रंग जुळवल्यासारखं केलं,
काही बोलली नाही.

मला उतरायचं होतं.
दार उघडेना.
गुडघा लावला.