किल्ली

चिलोएच्या ह्या टोकावर
पाद्री वर्षातून एकदाच येतो, लाँचने,
तेही भरती असेल तर.
बाकीचे दिवस देवळाची किल्ली माझ्याकडे.
वीतभर लांब, लोखंडी,
दर दोन वर्षांनी खिशाला भोक पाडते.
एदुविना होती तोवर ती शिवायची.
आता मीच शिवतो, वाकडंतिकडं.

होड्या बांधणाऱ्यांनी बांधलं हे देऊळ.
त्यांना दुसरं काही येत नव्हतं,
म्हणून आढ्याकडे पाहिलं की वाटतं
कुणीतरी होडी पालथी घालून ठेवलीय
आणि आपण तिच्याखाली, कोरडे.

मी एकोणीस वर्षांचा होतो.
मेणबत्त्यांच्या पैशांच्या पेटीत हात घातला तेव्हा
बाहेर बटाट्यांची काढणी चालली होती.
होडीच्या इंजिनाला पैसे कमी पडतायत,
असं मी स्वतःला सांगितलं.
खरं तर कमी काही पडत नव्हतं.
पेटी उघडी होती, एवढंच.
घरी येऊन मूठ उघडली तर नाणी ओली.
का, कुणास ठाऊक.

पुढच्या रविवारी बाउदिलियो म्हातारा
माझ्या दारात येऊन उभा राहिला.
मी शिव्या झेलायला तयार होतो.
त्यानं माझ्या हातावर किल्ली ठेवली.
'माझे गुडघे गेले,' म्हणाला,
'चढ चढवत नाही. आता तू.'
बस. स्टोव्हपाशी टेकलासुद्धा नाही.

त्याला माहीत होतं का?
एकवीस वर्षं विचारीन म्हणत होतो,
मग तो गेला.
तुला मात्र माहीत होतं.
तू कधी विषय काढला नाहीस,
मीही नाही.

लोक म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
मी तर तुझं मीठ चोरून खाल्लं.
त्याला जागायचं कसं?
म्हणून घंटा वाजवतो.
तीन माणसं आली तरी, एक आलं तरी,
वाऱ्यानं तिचा आवाज उलटा
माझ्याच कानात कोंबला तरी.
फरशी पुसतो. पन्हळीतलं शेवाळ काढतो.
लाकडी संताच्या पायाची करंगळी तुटली होती,
ती चिकटवली, जरा तिरपी बसली.
ही फेड नव्हे.
फेडायला वही लागते,
आणि तू वही ठेवत नाहीस,
हे कळायलाच माझे केस पिकले.

एका हिवाळ्यात दार उघडलंच नाही.
एदुविनाला नेलंस तो हिवाळा. चार रविवार.
किल्ली समुद्रात फेकायची म्हणून उठलो,
धक्क्यावर गेलो.
धुकं असं, की समोरचं बेटही दिसेना.
फेकलेली वस्तू कुठे पडली
ते तरी दिसायला हवं ना माणसाला.
परत खिशात टाकली.
ह्याला निष्ठा म्हणत असतील तर म्हणोत.
पाचव्या रविवारी बिजागरी कुरकुरली.
आत तोच वास, ओल्या लोकरीचा, मेणाचा.
कुठे होतास, असं तू विचारलं नाहीस.

हल्ली दिवसा मी दार उघडं ठेवतो.
परवा संध्याकाळी वर आलो
तर ते आतून लोटलेलं.
फटीतून लिसार्दो दिसला,
सामन माशांच्या पिंजऱ्यांवरून कामावरून काढलेल्या
रोसामेलचा धाकटा.
पेटीत कोपरापर्यंत हात.

मी चार पावलं मागे सरलो.
पायरीवर बुटांचा चिखल खरवडला, मोठ्यानं.
मग खाकरलो. मग पुन्हा एकदा, लांबलचक,
दमेकऱ्यासारखा,
हात बाहेर काढायला पुरेल एवढा वेळ.

आत गेलो तेव्हा तो बाकावर बसलेला,
मान खाली, कान लाल.
मी म्हणालो, 'गुडघे दुखतात रे हल्ली.
घंटेची दोरी जड जाते.
रविवारी येशील?'

त्यानं मान हलवली.
मूठ अजून मिटलेलीच होती.
आतली नाणी ओली झाली असणार.