पहिलं दळण

सातू दळायचा तर दगड आधी धुतल्यासारखा लागतो.
काल संध्याकाळी मिरच्या घेतल्या होत्या,
त्यांची लाली अजून पट्ट्यात, पिशवीत, माझ्या भुवयांत.
म्हणून पहाटे, लाईट जायच्या आत,
शेरभर किडकी ज्वारी फिरवून घेतो,
ती बाजूला टाकतो ढोरांसाठी,
मग म्हणतो, "हं, ओत आता."

करिश्मा खंडारे ओतते
भिजवून, वाळवून, कढईत खरपूस भाजलेले गहू,
सोललेले फुटाणे, जिरं, सुंठेचा एक तुकडा.
वास असा सुटतो
की डबा घेऊन रांगेत उभं पोट्टं
कशासाठी आलं तेच विसरतं.

बावीस वर्षं बसतो मी या तोंडाशी.
कोण कुठे चाललं, पिठावरून कळतं.
जाडसर ज्वारी म्हणजे माणूस घरीच.
उडीद-तांदूळ म्हणजे जावई येणार.
सातू म्हणजे रस्ता लांबचा
आणि जिथे जायचं तिथे चूल नाही.

"अमरावतीले ग्राऊंड हाय काका, भरतीचं.
तीन दिवस. लॉज परवडत नाई.
अन् स्टँडवरची थाळी?
तेवढ्यात त मी अर्ध्या तिकिटावर
जाऊन वापस येतो."

आई तिची मागून बोलत येते:
दशम्या दिल्यात, पण पहिल्याच दिवशी संपव.
जवसाची चटणी कोरडी आहे, पाण्याचा हात लावू नको.
कांदा फोडायचा, कापायचा नाही.
आलूची भाजी मागत होती ही,
म्हटलं, दुपारच्या उन्हात तार सुटते तिला,
मग धावशील कशी, संडास शोधत?
पोरगी लाजते. मी गिरणीचा आवाज वाढवतो.

पैसे नको म्हटलं
तर मापाखाली दहाची नोट सरकवून गेली.
"फुकटचं अंगी लागत नाई."

शुक्रवारी परत आली. डबा काखेत.
मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं
वजनकाट्याकडे पाहत:
आठशे मीटर. थोडक्यात गेलं.

मग मात्र बोलतच राहिली.
मैदानाच्या भिंतीशी रात्री किती पोरी झोपल्या होत्या,
उशाला बूट, बुटात आधार कार्ड.
एकीनं दोन दिवस नुसते चिप्स खाल्ले
आणि गोळाफेकीच्या रांगेत बसकण मारली.
हिनं नळाचं पाणी घेतलं, पेल्यात तीन चमचे सातू,
गुळाचा खडा दाताखाली, आणि तिच्या तोंडाला लावला.
"प्यायली अन् रडली काका.
म्हणे, घरी असंच करतात."

तिसऱ्या दिवशी धारणीकडची एक, फुलवंती कास्देकर,
डबा रिकामा पाहून म्हणाली, असा नेऊ नये.

करिश्मा झाकण उघडते.
मोहाची फुलं, भाजलेली, तिळांत घोळलेली,
तांबूस, मनुकांसारखी, थोडी धुराची.
एक तोंडात टाकतो. आधी कडवट.
मग बराच वेळ गोड.

"दळून द्या."
"वेडी का? चिकट आहे हे, दगड बसेल माझा.
उखळात कुट. कोरडे फुटाणे घाल दुप्पट,
मुठीत वळ, लाडू बारीक ठेव,
धावायच्या आधी एकच."
फुटाणे मी मोजून देतो. ती पैसे मोजून देते.
यावेळी दोघंही वाद घालत नाही.

दारात रांग वाढलेली,
कुणाची डाळ, कुणाचं बेसन, कुणाला घाई.

"पुढचं ग्राऊंड कुठं?"
"अकोला. सोळा तारीख."
कॅलेंडरवर पिठाच्या बोटानं खूण करतो.
"पंधराला पहाटे ये मग.
चौदाला मी मिरच्या घेत नाही."