शेवटची ओळ

एजंट म्हणाला, साडेचौदा हजार. त्यात सगळं आलं.
सगळं कधी येत नसतं, हे आईला ठाऊक होतं.
तिनं भिशी चार महिने आधीच उचलली,
दोन हजार तोट्यात,
आणि हिंगण्याच्या बिस्किट कंपनीत
डबल पाळी मागून घेतली.

वाडी नाक्यामागे शाळा. एकच ट्रक, जुनाट,
तिसरा गिअर शिवी दिल्याशिवाय पडत नाही.
महिनाभर शिकायचं म्हणून महिनाभर रोजी बुडाली,
साडेतीनशे गुणिले तीस,
हे एजंटच्या साडेचौदात नव्हतं.
फोटोचे साठ. झेरॉक्सचे पन्नास.
फॉर्म भरणाऱ्या पोरीचे पन्नास,
तिनं नीलध्वजचं निळदवज केलं
म्हणून पुन्हा पन्नास.

खरं शिकवलं ते दौलत उस्तादानं,
कापसीच्या गोदामांमागे, रात्री दोननंतर,
पाठीवर अठरा टन सिमेंट असताना.
"पाय नोको दाबू बे. इंजिन काय म्हन्ते ते आईक."
फी एक खर्रा. त्यातलाही अर्धा मलाच.

तीन वर्षं मी त्यांच्या डाव्या दाराला लटकलो,
येऊ द्या, येऊ द्या, बस.
गेल्या दिवाळीपासून
उजवीकडचंही मीच सांगू लागलो.
बुटीबोरीच्या पुढे बिनलाइटचा ट्रॅक्टर
मला दिसला.
ब्रेक लागला तो माझ्या ओरडण्यावर.
जामपर्यंत दोघंही गप्प.

डोळ्यांची तपासणी दोघांची एकाच दिवशी,
माझं नवं लायसन, त्यांचं नूतनीकरण.
डॉक्टरच्या जिन्यात रांग,
उघड्या दारातून भिंतीवरचा तक्ता दिसत होता.
उस्ताद कानाशी वाकले.
"खालची ओळ काय हाय रे?"
मी वाचून दाखवली.
नव्या रस्त्यावरची गावं पाठ करावी
तशी त्यांनी ओठांत घोळवली.
न, ल, घ, ट, र.

तक्त्यावर घ नव्हता.
ध होता.

आत त्यांनी ओळ धडाधडा म्हटली, चुकीसकट.
डॉक्टर म्हणाला, आता उलटीकडून वाचा.
पंख्याचा आवाज तेवढा.

ट्रॅक्टरमुळे, असं मी मला सांगतो.
पण ट्रॅक्टर आठवायच्या आधी
जीभ वळून गेली होती.

अठराव्या दिवशी कार्ड पोस्टानं आलं.
कुकरेजा शेठनं किल्ली टेबलावरून सरकवली,
तिला उस्तादाचाच लाल गोंडा.
आई वही घेऊन बसली.
सत्तावीस हजार दोनशे दहा.
"अजून काही राह्यलं काय?"
मी म्हटलं, नाही.

उस्ताद आता कळमन्यात काट्यावर पावत्या फाडतात,
आकडे कुणीतरी वाचून सांगतं.
आणि ही सीट त्यांच्या मापाची, पुढे ओढलेली,
खालची पट्टी गंजून धरलीय.
तेल घातलं, हातोडी मारली,
मागे सरकत नाही.
वर्धा रोडला लागलो की
गुडघे स्टिअरिंगला घासतात.